काठावरचा धोंडा

सोमवार, ज्येष्ठ, १९७२

काल देवळापुढं सरकारी गाडीनं पडद्यावर सिनेमा दाखवला. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं, वरून ढग नुसते धावत हुते. गाडीवाला म्हणाला, दिवसभराचे ढग मिनिटात पळवलेत. सगळी वर बघत हुती. मी काठावरच्या धोंड्याकडं बघत हुते. शेवटपर्यंत कोरडा!

आमच्या ह्यांना ढगच दिसले. आज म्हणतात, "ढग कसे झपाझप येतात बघितलंस ना? उद्या धूळपेरणी उरकू."

"अहो, ढग धावले, पर धोंडा भिजला का?"

"तुला मेली धोंड्याचीच पडली!"

बियाण्याची बाजरी एका पेरणीपुरतीच उरलीय. कोरड्या मातीत टाकली अन् पाऊस लांबला, तर मुंग्या-पाखरं खातील. मग दुसरं बी कुठलं आनू? पर मी अडवलं अन् पाऊस आला तर? जन्मभर टोमणे ऐकीन.

उद्या हे पेरायची पाभर बैलांना जुंपतील. तिच्यामागं चालत चाड्यावर मुठीनं बी सोडायला मीच लागते, दुसरं कोन हाय? जाऊ का नको? तो धोंडा डोळ्यापुढनं हलत न्हाई.

आत्ता अंगणातल्या पाट्यावर हात फिरवून आले. दिवसभर ढग गेले वरून, पाटा कोरडाच. न्हाई सोडत बी. बोलू देत काय बोलायचं ते.