चार नंबरचं झाकण

३ ऑक्टोबर
आले बाई एकदाची! जंगलात चाळीस मीटरचा मनोरा, पायथ्याशी दोन खोल्या, खिडक्यांना जाळ्या, नळाला पाणी. आणखी काय हवं? जंगल किती कार्बन घेतं-सोडतं, किती पाणी नि उष्णता हवेत जाते, ते मनोऱ्यावरची यंत्रं टिपतात. जमिनीचं मोजायला मातीवर सहा झाकणं उपडी घातली आहेत. आई फोनवर म्हणाली, झाडांचे श्वास मोजायला पगार देतात होय! दोघी खूप हसलो.

५ ऑक्टोबर
माझ्या आधीचा तंत्रज्ञ आठवड्यापूर्वी न सांगता पळाला म्हणे. केंद्र चालवणाऱ्या साहेबांचा नियम असा: वेडेवाकडे आकडे 'बिघाड' म्हणून खोडायचे, रिकामी जागा संगणकाच्या अंदाजाने भरायची. चार नंबरच्या झाकणाखालचा कार्बन मिनिटाला सोळा वेळा वरखाली होतो. मातीचं असं कधी होत नाही. मी निमूटपणे खोडलं.

७ ऑक्टोबर
झाकण बदललं, नळी बदलली, तरी तेच. फक्त आज बारा. दुपारी आधीच्या तंत्रज्ञाची बायको आली. चार नंबरची माती बघून येतो, असं सांगून ते निघाले होते, म्हणाली. साहेबांनी तिला दारातूनच पिटाळलं. तुमचा नवरा पळपुटा आहे, म्हणाले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी रडत गेल्या नि मी पुन्हा आकडे खोडायला बसले.

८ ऑक्टोबर
नऊ. हे श्वास आहेत. माणसाचे. आणि मी तीन दिवस ते खोडत होते! साहेबांना ओरडून सांगितलं. अहवाल बिघडवू नका, म्हणाले. कुदळ मागितली तर कोठीला कुलूप घातलं. माणूस आहे की दगड?

९ ऑक्टोबर, सकाळ
मिनिटाला चारच. झाकण भिरकावलं. ताटलीने उकरतेय. माती कोमट आहे, आणि हलते —

दुपार
हात लागला. त्याचा. बोटांनी माझं मनगट धरलं — जिवंत आहे! ओढतेय. तो वर येत नाही. मीच —

मी कमरेपर्यंत आत. साहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. आजचे आकडे बिघाड धरू, म्हणाले. नालायक! दोन जीव —

खांदे आत. एक हात मोकळा. वही लांब फेकेन.
वहिनी, ते पळाले नव्हते. अजून माझा हात धरून आहेत. त्या साहेबाचं काही ऐकू नका, इथेच उक—