उपासनेत दार लावत नाहीत

१८ नोव्हेंबर
आलो एकदाचे भोपाळला! नगर सोडताना पल्लवी रडरड रडली. इथे चर्चच्या अंगणातली चिंच पाहिली आणि सगळं विसरली. आठ वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? प्रभाकर इथले नवे पाळक, म्हणजे मी आता पाळकीणबाई. चर्च शहराच्या कडेला, करोंद वस्तीच्या अलीकडे, इंग्रजांच्या काळातलं. सागवानी दार, जाडजूड कडी, पाठी घासून गुळगुळीत झालेली बाकं. वर्धापनदिनासाठी चर्चचा इतिहास लिहायचं काम मंडळींनी माझ्या गळ्यात मारलंय. पिपलानीच्या शालिनीबाई जुनं सगळं सांगणार आहेत.

२४ नोव्हेंबर
उपासनेत नुसते कुडकुडलो. दार सताड उघडं. लावायला उठले, तर सगळ्यांच्या माना वळल्या. शालिनीबाईंनी हात धरून बसवलं. “बंद नाही करत आपण, बस. रीत आहे.” पोरीला न्यूमोनिया झाला तर रीत येणार आहे का शेक द्यायला?

२७ नोव्हेंबर
आज शालिनीबाईंकडून रीत कळली. चौऱ्याऐंशीत, गॅसच्या रात्री, ही मंडळी इथे शिरली, फटींत ओल्या शाली कोंबल्या, कडी लावली. मागून वस्तीतली माणसं आली. ठोठावलं, विनवण्या केल्या. आतल्यांनी स्तोत्रं म्हटली, मोठ्यानं, हाका ऐकू येऊ नयेत म्हणून. शालिनीबाईंची थोरली बहीण मागे राहिली होती. बाहेरून तिचाही आवाज आला. वडिलांनी ओळखला. उठले नाहीत. आणि बाई मला बजावतात, पाया कोणी घातला नि घंटा कुठून आणली, तेवढंच लिही! शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणणारी ही तोंडं. किळस आली मला.

२ डिसेंबर
दुपारी चर्चमध्ये एकटीच लिहीत होते. रीत गेली खड्ड्यात, दार लावलं. थोड्या वेळानं ठकठक. उघडलं, अंगणात कोणी नाही. पुन्हा लावायला गेले तर फटीत कापड. ओलं. मी घातलं नव्हतं.

३ डिसेंबर
प्रभाकर हसले. भुताला भिणारी पाळकीण म्हणे! हट्टानं पुन्हा येऊन बसलेय. आज गॅसच्या रात्रीची बरसी, म्हणून शाळेला सुट्टी. पल्लवी चिंचेखाली खेळतेय. दार उघडंच ठेवलंय.

लागलं. आपोआप. कडी आतून —

सगळ्या फटींत शाली. वास येतोय, मिरच्या जाळल्यासारखा. डोळे —

ठोठावतायत. किती हात. खोकतायत.

पुढच्या बाकांवर माणसं. पाठीच दिसतात. गातायत.

आई म्हणून हाक. पल्लवी. तीच आहे, तिचाच आवाज — कडी काढली की ते सगळं आत येईल, माझ्या छातीत —

पाय उचलत नाहीत. नाही, खोटं. उचलतात. मीच —

मीही म्हणतेय त्यांच्याबरोबर. मोठ्यानं. आणखी मोठ्यानं. तरी ऐकू येतोय तिचा —