साडेतीन सेकंदांच्या आत

सोमवार, ४. सकाळी ७.
आजपासून गल्लीतला माज उतरवणार. बास झालं! आठ वर्षांची कन्या महिनाभर नवी सायकल जिन्याखाली नुसती पुसत बसते, कारण बायको तिला रस्त्यावर सोडत नाही. कशी सोडेल? लोक गाड्या हाणतात, रस्ता जणू बापाचा. मुख्य आरोपी: समोरचा डेंटिस्ट. लाल गाडी. लाल गाडी घेणारा माणूस हळू चालवूच शकत नाही.
संकल्प: पंधरा दिवसांत कन्या एकटी सायकलवर कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे.

संध्याकाळी.
रस्त्यावर खडूने दोन रेघा मारल्या. मध्ये वीस मीटर. बायकोच्या शिवणकामाच्या टेपने मोजले. दीड मीटरची टेप, तेरा वेळा आणि वर थोडी. टेप काळी झाली म्हणून ती ओरडली. मोठ्या कामात टेप काळी होतेच. आता हिशोब सोपा: मर्यादा साधारण ताशी वीस किलोमीटर. साडेतीन सेकंदांच्या आत दोन्ही रेघा ओलांडेल तो गुन्हेगार.

मंगळवार, ५.
मी ऑफिसला निघतो तेव्हाच खरी वर्दळ असते. म्हणून स्टॉपवॉच कन्येकडे (शाळा दुपारची), वही बायकोकडे. तिचं मशीन खिडकीतच आहे. तिने विचारलं, सगळ्याच गाड्या लिहायच्या का? म्हटलं, सगळ्या. कोणाचीही गय नाही. तिने परत तेच विचारलं. बायकांना तत्त्व समजायला वेळ लागतो.
वही मी स्वतः बघणार नाही. उगाच उद्या डेंटिस्ट म्हणायचा, आकडे फिरवले.

गुरुवार, ७.
उठायला उशीर. नऊला मीटिंग. गल्लीत जरा पाय दाबावा लागला. माझं वेगळं आहे. बावीस वर्षं गाडी चालवतोय, कंट्रोल आहे. फाटकाजवळ चाकाखाली फट्‌ आवाज झाला. बाटली असावी. लोक कचरा कुठेही टाकतात.

संध्याकाळी.
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. सकाळी कोणीतरी हलकट कन्येच्या चेंडूवर गाडी घालून गेला! थांबलासुद्धा नाही! चेंडूमागे पोरगी धावली असती तर? कोण होता, विचारलं. कन्या आईकडे बघायला लागली. बायको म्हणाली, वहीत आहे. डेंटिस्टला सोडत नाही.

रविवार, १०.
कॉलनीची सभा. टेबलावर मूठ आपटली, सेक्रेटरींचा चहा सांडला. ठराव मंजूर: सगळ्यात वेगवान गाडीचा नंबर कोपऱ्यावर बोर्ड लावून जाहीर करायचा. सेक्रेटरी हळूच म्हणाले, एकदा वही बघून घेतलीत तर बरं. भित्रा माणूस. डेंटिस्टने चक्क ठरावाच्या बाजूने हात वर केला. काय हा निर्लज्जपणा!

मंगळवार, १२.
पेंटरचा फोन. बायकोने त्याला वही नेऊन दिली. विचारत होता, वरचा नंबर खरंच रंगवू का? म्हटलं, कोणाच्या का बापाची गाडी असेना, फूटभर अक्षरं काढ. खाली लाल रंगात लिही: ‘या माणसापासून मुलं सांभाळा.’ त्याने परत विचारलं. फोन आपटला. हल्ली कोणाला साधं काम धड करता येत नाही.

गुरुवार, १४. ऑफिसातून.
बोर्ड लागला. पण वाचताच आला नाही, सर्रकन मागे गेला. पेंटरला फोनवर झाप झाप झापलं, अक्षरं बारीक काढलीस म्हणून. तो म्हणाला, साहेब, एकदा चालत येऊन बघा.

शुक्रवार, १५. सकाळी ८.
चालत गेलो. अक्षरं फूटभर आहेत.
नंबर माझा आहे.

८.२०.
टेप ताणली गेली असणार. शिवणकामाच्या टेपवर कोण विश्वास ठेवतं? आणि स्टॉपवॉच एका लहान मुलीच्या हातात!

८.३०.
वही वाचली. डेंटिस्ट: पाच सेकंद. रोज. मेल्याने एक दिवस तरी घाई करायची! गुरुवारची ओळ कन्येच्या अक्षरात आहे. ‘१.४. बाबा. चेंडू.’

८.४५.
खाली गेलो. कन्या सायकल घेऊन फाटकात उभी. ऊर भरून आला. म्हटलं, जा, बिनधास्त जा कोपऱ्यापर्यंत. ती म्हणाली, कोपऱ्यापर्यंत ती रोजच जाते, आठवडा झाला. आईच सोडते. बाबाची गाडी गेली की.
मग तिने विचारलं, मी ऑफिसला कधी निघणार.
म्हटलं, आज रजा टाकली आहे.
तिने सायकल परत जिन्याखाली लावली.