अख्खी गोळी

आये, आज माझं चित्त थाऱ्यावर नाही. महाडच्या एमआयडीसीत मी काय काम करते ते तुला सांगायचं राहिलंच. तू गेल्यावर लागले ना मी इथे. जेलीसारखे, मोहरीएवढे मणी आम्ही करतो, आत औषध भरलेले. जठरासारख्या आंबट पाण्यात ते मिटून राहतात, पुढे आतड्यासारख्या पाण्यात, आंबटपणा सरला की फुगतात आणि औषध सोडतात. तुझ्यासारख्या, आतड्याला जखमा झालेल्यांसाठी. आंबट पाण्यात ठेवले की दोन तास तिकडे बघायचं कारण नाही, तरी मी दर पाच मिनिटांनी उठते. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, बसा जरा. मणी काय पळून जातायत?"

तुझ्या गोळ्यांनाही असंच कवच होतं, आतड्यात गेल्यावरच विरघळणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अख्खी गिळायची. पण आपल्याकडे औषध म्हणजे सहाणेवर उगाळायचं. कापडे गावातल्या आपल्या पडवीत तू पाय लांब करून बसली आहेस आणि म्हणतेस, "उगाळल्याबिगर औषध अंगी लागत नाय गो. अख्खी गोळी जाते तशीच भायेर." तुझ्या घशाखाली ती उतरतही नव्हती. मी उगाळली. वर कोकमाच्या पाण्यात कालवली, कडू लागू नये म्हणून. रोज. आणि मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते, बघ. कवचाचं पीठ झालं, औषध वरच्यावरच संपलं, जखमेपर्यंत पोचणार कुठून?

महिन्याभराने डॉक्टर मलाच विचारतात, "अख्खी घेतात ना?" मी हो म्हणते. ओरडतील म्हणून, दुसरं काही नाही. त्यांनी गोळ्या वाढवल्या, त्याही मी उगाळल्या. गिळल्या असत्यास तर वाचली असतीस का, कोण जाणे. हे कोणाला विचारायचीही मला लाज वाटते.

तू गेलीस तेव्हा दादा मुंबईहून आला आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना नाही नाही ते बोलला. त्यांनी मान खाली घातली. मी दारातच उभी होते. आता ते थकलेत, बाजारात दिसले की माझी विचारपूस करतात आणि मी भाजी घ्यायची सोडून घरी येते. खरं तर हे पत्र तुला लिहून उपयोग नाही, दादाला लिहायला हवं. काल त्याचा फोन होता. परत तेच, "त्या डॉक्टरनंच आयेला घालवली."

मी म्हटलं, "हो रे."