खिळ्यावरची बाई

ताई,

परवा फोनवर म्हणाले ना, तू पाठवलेला आईचा फोटो भिंतीवर लावला म्हणून, ते खोटं होतं. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय. हेही तुला पाठवणार नाहीच.

फोटो आला त्या दिवशी मी खिळा ठोकला आणि आधी दिवसभर वेचलेला कचरा निवडून घेऊ म्हणून बसले. शेजारीच फ्रेम ठेवली होती. आजकाल रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा डोकं ठिकाणावर नसतं. हातांनी सवयीने फ्रेम उचलली. काच काचेत टाकली, लाकूड लाकडात, आणि आई कागदाच्या पोत्यात. पोती भंगारवाल्याकडे पोचवून घरी आले, रिकामा खिळा बघितला, तेव्हा कळलं.

तीन दिवस त्याच्या गोदामातली रद्दी उपसली. आई सापडली नाही. रडूही आलं नाही, ताई. दवाखान्यातली बाई विचारते, झोप लागते का, जीव रमतो का. मी म्हणते, मला काय धाड भरलीय.

तू रविवारी येणार, तू ओळखशीलच, पण खिळा रिकामा दिसायला नको म्हणून रद्दीतलीच दुसरी एक बाई आणून लावलीय. आईच्याच वयाची आहे, तशीच ओठ मिटून हसते. काल तिच्यावरची धूळ पुसताना मला हुंदका फुटला, तो थांबेचना. इतक्या मायाळू चेहऱ्याच्या बाईला कोणी टाकलं असेल गं?

तुझं दमलेलं,
शेंडेफळ