उस्तऱ्याची दाढी

५ जानेवारी
हृदयात नवी झडप बसून वर्ष होत आलं. धातूची आहे. शांत बसलो की छातीतून टिकटिक येते. प्रेमलताला ती ऐकत झोप लागते, मला लाज वाटते.
आज पवनच्या दुकानात उस्तरा जरासा लागला. रक्त थांबेना. टॉवेल भिजला. बाकावरची माणसं उठून उभी. पवन म्हणे, "बाबूजी, अब आपको मशीन ही चलेगी. मेरेको जेल नहीं जाना." बालाघाट कोर्टात जन्मभर पेशकाराची कारकुनी केलेल्या माणसाला जेलची गोष्ट!
मशीनची दाढी म्हणजे कापलेलं धानाचं शेत. खुंट राहतात. अबोलीच्या लग्नात पोरीचा बाप असा उभा राहणार नाही.

६ जानेवारी
दोष रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, रक्त घट्ट झालं की झडपेवर गुठळी. डॉक्टर वाढवूनच सांगतात. आजपासून अर्धी गोळी. लग्न झालं की पूर्ण. शब्द दिला स्वतःला.

१४ जानेवारी
घरीच ब्लेडनं गाल थोडा कापून पाहिला. रक्त लगेच थांबलं! तब्येत सुधारतेय. रक्ततपासणीची तारीख गेली, पण बरं असताना सुई कशाला? अबोलीनं विचारलं. "हौ, केली" म्हटलं. तिला लग्नाची कामं थोडी आहेत का.

२७ जानेवारी
जिना चढताना धाप. थंडी फार.

५ फेब्रुवारी, दुपारी
प्रेमलतानं छातीला कान लावला. "अहो, टिकटिक काहून येऊन नाही राह्यली?" म्हटलं, मुरली आता अंगात. "झडप हाय का लोणचं? नागपूरले चला." लग्नघर सोडून? लग्नानंतर बघू.

११ फेब्रुवारी, सकाळी
आज लग्न. डॉक्टरांनी परवानगी दिली असं सांगून पवनला घरी बोलावलं. उस्तरा फिरला. थेंबसुद्धा नाही. आरशात जुना मी.
उजवा हात मात्र जड वाटतोय. पेन सुटतं. अक्षता डाव्या हातानं चालतील का, भटजींना विचारायचं.

१ मार्च, नागपूर
डाव्या हातानं लिहितोय. गुठळी मेंदूत गेली होती. लग्न पुढं ढकललं.
टिकटिक परत आली. प्रेमलता कान लावते, उठते, पुन्हा लावते.
अबोलीच्या हातावरची मेंदी उतरत आली आहे. आज तिनंच माझी दाढी केली. मशीननं. उजवा गाल कधी झाला, कळलंच नाही.