उजव्या नाकपुडीची साक्ष

पिंपळगाव राजा,
ता. १४ फेब्रुवारी १९३१

चिरंजीव पुंजाजीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. मायचा खोकला उतरला. तुझ्या वाट्याच्या तुकड्यात हरभरा चांगला आला आहे.

गेल्या महिन्यात मेहकरच्या तहसीलदारांनी तुला कचेरीत बोलावून घेतलं, तुझं तोंड उजेडाकडे फिरवून नाक पाहिलं आणि काही न सांगता परत पाठवलं. मोटार स्टँडवरच्या लोकांनी त्यावरून तुझी थट्टा केली असेल. त्याला कारण मी. सगळं सांगतो, पण आनंदाची गोष्ट आधी: तू जिंकलास. पलटणीतून सुटताना तुला जो कागद मिळाला, त्यावर आता माझं नाव नाही. तिथे लिहिलं आहे, पुंजाजी वल्द रंगराव. नक्कल सोबत जोडली आहे. शेवटची ओळ वाच: ‘मोटार लॉरी चालवण्यात वाकबगार.’

पाच वर्षं तू या गावात पाऊल टाकलं नाहीस, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

दिवाळीनंतर मेहकरला माझी सभा झाली. अध्यक्षांनी नेहमीसारखी ओळख करून दिली, की हे बसऱ्याच्या लढाईवरून परतलेले शिपाई, आता स्वराज्यासाठी उभे आहेत. नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. नेहमीसारखी मी मान लववली. सकाळी स्टँडवर आलो तर तू भगवानरावांच्या मोटारीची चाकं धूत होतास. बसऱ्यापासून बगदादपर्यंत लष्कराची लॉरी हाकलेला माणूस चाकं धुतो, कारण लायसनसाठी जो कागद दाखवायचा त्यावर दुसऱ्याचं नाव. तू वर पाहिलं नाहीस. माझ्या जोड्यांवर पाणी उडू नये म्हणून बादली तेवढी बाजूला सरकवलीस.

तू शिव्या दिल्या असत्यास तर मीही दोन शब्द जास्त बोलून वेळ मारून नेली असती. बादलीला काय उत्तर देणार?

घरी येऊन जोडे न काढताच अर्ज लिहिला. ‘१९१८ साली माझ्या नावावर माझा धाकटा भाऊ लढाईवर गेला. मी गेलो नाही.’ खामगावची मित्रमंडळी चिडली. ज्या सरकारविरुद्ध गावोगाव बोलतोस त्याच्याच साहेबापुढे हात जोडणार का, असं विचारू लागली. मी म्हणालो, सरकारशी माझा झगडा आहे तो राहीलच, पण हे खोटं सरकारचं नाही, ते माझ्या घरचं आहे, आणि ज्याला घरचं खोटं मोडता येत नाही त्याने चौकात उभं राहून साम्राज्य मोडण्याच्या गोष्टी करू नयेत.

परवा बुलढाण्याच्या कचेरीत माझ्या अर्जाची पेशी झाली. पलटणीचे जुने कागद घेऊन एक मेजर आला होता. शालिग्राम नावाचे कारकून त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. माय हट्टाने बरोबर आली होती आणि दाराशी बसली होती. मेजरने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक माझा आताचा अर्ज. दुसरा पाच वर्षांपूर्वीचा. शालिग्राम म्हणाले, “साहेब विचारतात, दोन्हीवर सही तुमचीच आहे. खोटी कोणती?”

पुंजाजी, तू १९२६ साली कागद दुरुस्त करायला अर्ज केला होतास आणि तो फेटाळला गेला. सरकारने दाद दिली नाही असं मी तेव्हा तुझ्या तोंडावर बोललो. चौकशीचा माणूस आपल्या घरी आला होता, हे मी तुला सांगितलं नाही. लढाईवर कोण गेलं होतं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच. लिहून दिलं आणि सही केली. त्या महिन्यात माझ्या सात सभा ठरल्या होत्या, आणि सातही ठिकाणी लोक शिपायाला ऐकायला येणार होते. तू गाव सोडलंस त्याअर्थी तुला कळलं असावं.

मेजरला सांगितलं की पहिली सही खोटी आहे, त्याबद्दल खटला भरायचा तर जरूर भरा. त्याला ते पटेना. यात स्वराज्यवाल्यांची काही चाल असावी असं वाटलं. मग मी उभा राहिलो. तीन रात्री भाषणाची तयारी केली होती. रोमपासून दाखले काढले होते. चौथ्या वाक्याला साहेबाने हात वर केला आणि बसायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मधेच बसवलं.

साहेबाने जुना कागद शालिग्रामांकडे सरकवला. त्यांनी वाचलं: ओळखीची खूण, उजव्या नाकपुडीला भोक. आणि पुरुषाच्या नाकाला भोक कशाला असेल, असं साहेबाने विचारलं.

माय दाराशीच उठली. “म्या सांगतो साहेब. या मोठ्याच्या पाठचे माहे दोन लेकरं गेले. मंग धाकटा झाला. त्याले उकिरड्यावर ठेवला, नाक टोचलं अन् नाव पुंजाजी ठेवलं. पुंजा म्हणजे झाडलेला कचरा. काळाले वाटलं पाह्यजे, कचरा हाये, काऊन उचलू.”

साहेबाने माझ्याकडे बोट दाखवलं. याचं नाक?

“याचं काऊन टोचू? हा तं पहिला होता. याले जपतच आलो आम्ही सारे. अजून जपून राह्यलो.”

साहेब टेबलाला वळसा घालून आला. माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि नाक पाहिलं, बैल विकत घेणारा पाहतो तसं. हजारो लोकांनी माझं तोंड पाहिलं असेल, पण त्यातलं खोटं एका माणसाने नाक पाहून ओळखलं. मग तहसीलदारांचा कागद निघाला: मेहकरच्या माणसाला भोक आहे. साहेबाने सही केली. तो हसला असं मला वाटलं. खटल्याचं नाव काढलं नाही. माय बाहेर आली आणि कचेरीच्या पायरीवर बसून गूळ वाटू लागली, ती शिपायापासून साहेबाच्या खानसाम्यापर्यंत.

काल इथल्या बाजारात मी उभा राहिलो आणि लोकांना सगळं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, “मंग बसऱ्याच्या उन्हाचं काय सांगत होता बे इतके दिवस?” सारा बाजार हसला. मी म्हणालो, ते ऊन माझ्या भावाने सोसलं, मी त्याच्या गोष्टी चोरल्या. टाळी एकही पडली नाही. तरी खरं सांगतो, इतक्या मोकळ्या आवाजात मी कधी बोललो नव्हतो. परतताना चार-दोन म्हातारे बरोबर चालत आले आणि तुझी चौकशी करत राहिले. तुझी.

बाजारात सगळं सांगितलं, एक सोडून.

तेरा वर्षं घरात म्हणतात, भरतीच्या यादीत पहिलं नाव उत्तमरावाने लिहिलं, पण शेगावला गाडीवर जायच्या दिवशी त्याला ताप भरला, आणि बाबांनी भरतीवाल्यांना दिलेला शब्द जाऊ नये म्हणून धाकटा त्याच्या नावाने गेला. मला ताप नव्हता, पुंजाजी. अंग तापावं म्हणून काखेत कांदा धरला होता. तू उशाशी आलास. गोधडीवर कांद्याची साल पडली होती. ती तू उचललीस, मुठीत मिटलीस आणि वळून बाबांना म्हणालास, “भाऊ लय तापला. म्या जातो.”

तुझं वय तेव्हा सतरा होतं.

येत्या बाजारी हेही सांगणार आहे.

भगवानरावांशी बोलणं झालं. कागद दाखवलास की लायसनची खटपट ते करतील आणि गाडी तुझ्या हाती देतील. पहिली खेप इकडून आण. मायला शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जायचं आहे, तिला तुझ्या शेजारची जागा हवी. मला टपावर बसवलंस तरी चालेल.

वर आशीर्वाद लिहिले, कारण थोरल्याने धाकट्याला तेच लिहायचं असतं. ते खोडत नाही. पण पत्र संपताना माझ्याच्याने तेवढ्यावर थांबवत नाही. पुंजाजी, साष्टांग नमस्कार.

तुझा, बसऱ्याला कधीच न गेलेला भाऊ,
उत्तमराव